शिकलेली हरळी

आयुष्यात मी एकच खून केला. भर उन्हाळ्यात, दिवसाढवळ्या, सतरा बायांच्या साक्षीनं आणि कुरड्या वाळत घालता घालता केला. मेलं ते गवत होतं. आता गवताचा कसला आलाय खून, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं आणि तिथंच माझी गफलत झाली. कारण ते गवत आमच्या इवायांचं होतं. इवाई म्हणजे व्याही, माझ्या लेकीचे सासरे. उभ्या वर्धा जिल्ह्यात, गिरडच्या टेकडीपासून तो पार आर्वीकडच्या रोहण्यापर्यंत, जो तो गवत उपटण्यात जन्म घालवतो. गवत जगवण्यात जन्म घालवलेला माणूस जिल्ह्यानं एकच पाहिला, आणि त्याच्याच काळजाच्या तुकड्यावर मी मिठाच्या मिरच्या पसरल्या. तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते. म्हणजे अगदीच अल्लड नव्हते, पण अक्कल यायला अवकाश होता. आता बहात्तर पूर्ण झाली. लेक म्हणते, आता कुठं चिन्हं दिसू लागली आहेत.

हिंगणीहून बोर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला, जिथं कपाशीची वावरं संपतात आणि जंगल सुरू व्हायचं की नाही याचा विचार करत उभं राहतं, तिथं नागपूरच्या एका शेठनं मुरमाड जमीन घेऊन गोल्फ रिसॉर्ट काढलं. शेजारचं वावर इवायांचं. त्या मातीत पाणी कुठं मुरतं आणि कुठून फुटतं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून शेठनं त्यांना आधी चौकीदार नेमलं आणि वर्षभरात गवताचा सगळा कारभारच त्यांच्या गळ्यात घातला. नऊ होल होते. प्रत्येक होलाला एक झेंडा आणि झेंड्याभोवती मोठ्या खळ्याएवढी गुळगुळीत हिरवळ, बोटाच्या पेराहून आखूड कापलेली. गावानं तिला सरळ 'अंगण' म्हणायला सुरुवात केली, आणि इवाईसुद्धा 'चार नंबरचं अंगण', 'आठ नंबरचं अंगण' असंच बोलत. हे गवत खास जातीचं म्हणून सतरंजीसारखं गुंडाळून ट्रकांतून आलं. बरोबर आलेल्या इंजिनिअरनं त्याचं इंग्रजी नाव, गुण, खानदान सगळं सांगितलं. इवायांनी ऐकून घेतलं, एक काडी तोडली, दाताखाली चावली आणि निकाल दिला, "साहेब, हे तं हरळी आहे. आमच्या कपाशीत उगवते तीच. फक्त शाळा शिकलेली."

हरळी म्हणजे कपाशीची जन्माची वैरीण. इवायांच्या घराण्यात तिच्याशी चार पिढ्यांचं हाडवैर. वडील तिला खणता खणता कमरेत वाकले ते सरळ झालेच नाहीत. आणि त्याच घरातला कर्ता पुरुष रोज सकाळ-संध्याकाळ तिला पाइपानं पाणी पाजतो, हे पाहून गावाला जी करमणूक मिळाली ती टीव्हीनंही दिली नसेल. चहाच्या टपरीवर त्यांनी पाय ठेवला की कोणीतरी हमखास विचारायचं, "काय भाऊ, यंदा गवताले भाव काय निंगला?" दुसरा म्हणायचा, "भाऊचं बरं आहे, रोहीनं पीक खाल्लं तं कापाचं काम वाचलं." रोही म्हणजे नीलगाय. घरीही गत वेगळी नव्हती. विहीणबाई म्हणायच्या, "दारातल्या संत्र्याच्या झाडाले या मानसानं कधी लोटाभर पानी देल्लं नाई, अन् तठी गवताले दोन टाइम आंघोळ घालून राह्यला!" इवायांचं तोंड एकूण कमीच उघडायचं, आणि उघडलं तर गवतासाठी.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर कुठून सुरू करू? अंगणावर चपला घालून कोणी पाय ठेवलेला त्यांना खपायचा नाही, मग तो जिल्ह्याचा अधिकारी का असेना. अंगणाच्या कडा ते मशिनीनं कापत नसत, विहीणबाईंच्या ब्लाऊज बेतायच्या कात्रीनं कापत. त्या कात्रीवरून त्यांच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी वाटण्यांवरून इतरांच्या घरात होत नाहीत. थंडीत पहाटे उठून लांब बांबूच्या काठीनं गवतावरचं दव झाडत, कारण दव साचलं की बुरशी धरते. मी एकदा विचारलं, "इवाई, दव देवानं पाडलं, तुम्ही कशाला झाडता?" तर म्हणाले, "देवाले गोल्फ मालूम नाई." आणि सगळ्यात भयंकर म्हणजे गवत सपाट आहे की नाही हे पाहायला ते पालथे पडून गाल जमिनीला टेकवत आणि एक डोळा मिटून तसेच पडून राहत. लेकीचं लग्न नुकतंच झालं होतं, मी पहिल्यांदाच त्यांचं ते रिसॉर्ट पाहायला गेले, तर समोर व्याही पालथे! मी किंचाळले, धावले आणि जवळची बाटली त्यांच्या डोक्यावर रिकामी केली. इवायांनी मान न उचलता सांगितलं, "इहीनबाई, लेव्हल पाहून राह्यलो." नंतर उठले, डोकं पुसलं आणि म्हणाले, "काई हरकत नाई. पानी वाया नाई गेलं. गवतावरच पडलं."

खरं तर मला लग्नातच कळायला हवं होतं. लग्न वर्ध्यातल्या एका मंगल कार्यालयात, बाहेर मोठी हिरवळ. वरात आली, मी ओवाळायला ताट घेऊन उभी, आणि नवरदेवाचा बापच गायब! आमच्याकडे व्याही रुसणं हा लग्नाचा एक विधीच समजतात. फक्त ते कशावरून रुसतील याचा पत्ता आधी लागत नाही. माझं सारं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेलं, पण त्या दिवशी माझीच लाइन तुटली. माझ्या दोन्ही भावांना शाल-नारळ देऊन पिटाळलं, 'पाया पडा, पण आणा' असं बजावून. इवाई मंडपामागे सापडले. उकिडवे बसून हिरवळीचा एक कोपरा कुरवाळत होते. भावांनी शाल पुढं केली, काय चुकलंमाकलं ते पोटात घाला म्हणाले. इवाई म्हणाले, "मले मानपान नको. याले पानी द्या. कापलं तुमी लय खालून, अन् वरून उभं केलं जनरेटर." कार्यालयाच्या मॅनेजरनं पाइप आणून पाणी सुरू करेपर्यंत ते बोहल्याकडे आलेच नाहीत. लग्नाच्या सगळ्या फोटोंत त्यांच्या नव्या धोतराचे गुडघे हिरवे आहेत.

गोल्फ हा खेळ मात्र त्यांनी कधी खेळला नाही आणि पुरता कधी पाहिलाही नाही. खेळणाऱ्यांबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं. "गवताले तीन जनावरं लागते," ते मला बोटांवर मोजून सांगत, "रानडुक्कर, रोही अन् मेंबर." पैकी डुक्कर नाकानं उकरतं, रोही खुरानं उकरते आणि मेंबर काठीनं उकरतो. पहिली दोघं निदान पोटासाठी करतात, असं वर पुन्हा म्हणत. जंगल लागूनच, तेव्हा एकदा वाघही आला. झेंड्याच्या अलीकडे वाळूचे खड्डे असतात, बॉल अडकावा म्हणून मुद्दाम केलेले. इवाई ती वाळू रोज दाताळ्यानं सारखी करत. एका सकाळी त्या सारख्या केलेल्या वाळूतून परातीएवढाले पंजे आरपार गेलेले. वनखात्याचे लोक आले, मापं घेतली, नागपूरचे चार मेंबर गाडीत बसले ते पुन्हा उतरले नाहीत. इवाई मात्र आठवडाभर एकच धुसफुस करत होते, "आला त्याचं काई नाई. पन वाळू तशीच टाकून गेला."

मेंबर कमी व्हायला वाघ हे निमित्त झालं. आधीच शेठचं लक्ष दुसऱ्या धंद्यांकडे वळलं होतं. नवलाई होती तोवर शनिवार-रविवारी नागपूरहून गाड्यांची रांग लागायची. मग गाड्या आटल्या आणि पाठोपाठ पाणी आटलं. पोहण्याच्या तलावात पहिल्या वर्षी माणसं होती, मग बेडकं आली, मग सेलूकडच्या कोणाची तरी म्हैस त्यात उतरली आणि तिला बाहेर काढायला ट्रॅक्टर लावावा लागला. एसीत चिमण्यांनी संसार थाटले. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या. पैकी एकीत विहीणबाईंच्या कोंबड्या अंडी घालायच्या आणि बाकीच्या गाड्या कोंबड्यांनीही नाकारल्या. गवत कापायचं मोठं मशीन बिघडलं, त्याचा पट्टा देशात मिळेना, तेव्हा इवायांनी पिठाच्या गिरणीचा पट्टा बसवला. त्यानंतर ते मशीन गवत कापताना असा आवाज करायचं की कोणीतरी डोक्यावर गहू घेऊन दळायला येईल असं वाटावं. वीस-बावीस माणसं होती त्यांची दोन झाली: इवाई, आणि एक स्वयंपाकी, ज्याला स्वयंपाक करायला कोणी उरलं नव्हतं म्हणून तो दिवसभर रेडिओ ऐकायचा. पाणी नऊ अंगणांना पुरेना तेव्हा इवायांनी एकेक अंगण सोडायला सुरुवात केली. आधी तीन नंबर सोडलं, मग सहा. सोडलेल्या अंगणाकडून जायचं झालं तर ते वळसा घालून जात. लेकीनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले होते. चौसष्टाव्या वर्षी माणसाला फार हसू येतं.

शेवटी एकच उरलं, आठ नंबरचं. आणि त्या उन्हाळ्यात शेठ येऊन सांगून गेला, "भाऊ, एक नवा पार्टनर घेऊन येतो या महिन्यात. एक अंगण तरी असं ठेवा की त्याला दाखवता येईल. पटलं तर तो पैसा टाकेल, नऊच्या नऊ पुन्हा उभी करू. नाही पटलं तर मग इथं प्लॉट पाडायचे, दुसरं काय." झालं! इवायांनी विहिरीचं होतं नव्हतं ते पाणी आठ नंबरला लावलं. भोवती तारेचं कुंपण, कुंपणाला डुकरं बुजावीत म्हणून विहीणबाईंच्या जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या. जेवण तिथंच, दुपारची झोप तिथंच. सगळा मुलूख तव्यासारखा तापून पिवळा पडला होता आणि त्यात हा एवढाच एक हिरवा तुकडा. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, इथं कोण्या साधूचं ठाणं आहे.

आणि नेमकी त्याच दिवसांत मी वाळवणं करायला लेकीकडे गेले.

तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून ठेवला होता. मुंगवड्यांची डाळ भिजली होती. ताकात मुरवलेल्या मिठाच्या मिरच्या टोपल्यांत निथळत होत्या. आणि लेकीच्या गच्चीवर वानरांचं राज्य! बोरच्या जंगलातली ती वानरं, आंब्याच्या फांदीवरून गच्चीवर उतरत आणि कुरडई ओली असतानाच सोलून खात. पहिल्या दिवशीच्या सगळ्या कुरड्या गेल्या. मी डोक्याला हात लावून बसले आणि मग माझ्या त्या सुपीक डोक्यात कल्पना उगवली. इवाई मशीनचं पातं धार लावायला नागपूरला गेले होते. मेकॅनिकवर विश्वास नाही म्हणून पातं होईस्तो त्याच्या दुकानातच बसून राहणार, दोन दिवस तरी येणार नव्हते. आणि आठ नंबरचं अंगण तिथं होतं. पंचक्रोशीतली सगळ्यात सपाट, सगळ्यात स्वच्छ, उन्हात न्हालेली जागा. शंभर पावलांत झाड नाही, म्हणजे वानर नाही. वर कुंपण आयतं.

मी विहीणबाईंना म्हटलं, "बाई, गवताले काई होनार तं नाई ना?"

विहीणबाई अशा हसल्या की त्यांच्या हातातला सोऱ्या हलला. "गवताले? अवं बाई, सारी जिंदगी निंदण केलं मी. खुरपीनं खणलं, इळ्यानं कापलं, फवारलं, जाळलं. मेलं का कधी? दोन पानी पडले का उभं! गवत मरत असते का कुठी?"

साक्ष इतक्या जुन्या जाणकाराची होती की मी पुढं विचारलंच नाही. निंदणाच्या टोळीतल्या बाया उन्हाळ्यात रिकाम्याच होत्या, त्याही सोऱ्या-पाट घेऊन आल्या. टोळी सतरा जणींची. आम्ही काळं प्लास्टिक अंथरलं, त्यावर कुरड्या घातल्या, कडेला मुंगवड्या, आणि मिरच्यांच्या टोपल्या झेंड्याभोवती गोल मांडल्या, शोभा म्हणून. टोळीची म्होरकी गंगूबाई म्हणाली, "असं वाटते बाई, पंगत बसवावी." पाणी द्यायची आठवण झाली नाही असं नाही. इवाई विहीणबाईंना दहादा बजावून गेले होते. पण पाणी सोडलं असतं तर कुरड्या भिजल्या असत्या! तेव्हा मी, मी स्वतः, या तोंडानं म्हटलं, "राहू द्या बाई दोन दिवस. गवताले का तहान लागते?"

कुरड्या अशा झाल्या की काय सांगू. शुभ्र, कुरकुरीत, अख्ख्या जन्मात तशा माझ्या हातून पुन्हा झाल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गात-हसत प्लास्टिक उचललं आणि गाणं तिथंच राहिलं. प्लास्टिकखालचं गवत शिजलं होतं. खरोखर शिजलं होतं, उकडल्या पालेभाजीचा वास येत होता. पिवळे चौकोन, मधे हिरव्या पट्ट्या, आणि झेंड्याभोवती मिरच्यांचं मीठ-ताक जिथं जिथं ठिबकलं तिथं तपकिरी गोल डाग. गंगूबाई खाली बसली, एक काडी ओढली, ती मुळासकट हातात आली. ती म्हणाली, "हे पाह्य माय, मरते."

इवाई दुपारच्या गाडीनं आले. धार लावलेलं पातं दुपट्ट्यात गुंडाळून, झोपलेलं लेकरू धरावं तसं दोन्ही हातांत. आम्ही साऱ्या जणी कुंपणापाशी उभ्या, आणि एकीच्याही तोंडातून शब्द नाही. एवढ्या बाया एकत्र असून असं होणं ही जिल्ह्याच्या इतिहासातली पहिलीच वेळ असावी. त्यांनी पातं खाली ठेवलं. चपला काढल्या. जळलेल्या गवतावर जातानासुद्धा काढल्या, ते मला बघवेना. डागांपाशी उकिडवे बसले, मातीची चिमूट घेतली, जिभेवर ठेवली. मग एवढंच विचारलं, "मिरच्याईले मीठ किती टाकलं होतं?"

विहीणबाई म्हणाल्या, "दीड किलो."

"खडा का बारीक?"

"खडा."

त्यांनी मान हलवली. आरडाओरडा केला असता तर मी सुटले असते. विहीणबाईंनीच मग रडायला सुरुवात केली आणि रडता रडता माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांचं बरोबरच होतं. शेठचा रविवारी येतो असा निरोप होता, आणि त्या दिवशी बुधवार होता.

त्या संध्याकाळी इवाई जेवले नाहीत. मीही नाही जेवले, म्हणजे दोनच पोळ्या खाल्ल्या. आणि मग मला सुचलं, बहुधा पहिल्यांदाच काही शहाणपणाचं. मी गंगूबाईच्या घरी गेले. म्हटलं, "गंगूबाई, हे गवत हरळीच आहे ना? शिकलेली असली तरी?" ती म्हणाली, "मंग? जात कुठी जाते?" म्हटलं, "तुमाले हरळी कुठी कुठी असते ते डोळे मिटून सांगता येते. आता ती आनाची आहे. जितकी गावल तितकी. मातीसकट." गंगूबाईनं कोपऱ्यातली खुरपी उचलली. मग म्हणाली, "जनमभर जिच्या मुळावर उठलो बाई, आता तिचंच मूळ लावाचं? चाल, हेही करून पाहू."

गुरुवारी सकाळी सतरा जणी खुरप्या घेऊन हजर. कोणी बोरच्या कालव्याच्या काठावरून हरळी खणून आणली, कोणी हातपंपाच्या नाल्यावरून, कोणी स्वतःच्या मोरीच्या सांडपाण्यावरची. घमेली भरभरून आली. इवायांनी आधी आम्हाला हाकलूनच लावलं. पण गंगूबाई खमकी, तिनं त्यांच्यासमोरच खारट माती खरवडून काढायला घेतली आणि त्यांना ऐकवलं, "भाऊ, तुमाले लावता येते, आमाले काढता येते. दोन्ही हात लागल." इवायांनी तिच्या घमेल्यातला हरळीचा एक गड्डा हातात घेतला आणि म्हणाले, "दाबू नका. बसवा." त्यानंतर चार दिवस त्यांचं तोंड बंद झालं नाही. "अवं, उलटी लावून राह्यली ते!" "हे मोरीवरची आहे का? वास येते. लाव, लाव, कडेले लाव." "इहीनबाई, तुमी फक्त पानी आना. हात नोका लावू." मला त्यांनी गवताजवळ फिरकू दिलं नाही, डोक्यावर कळशा मात्र दिल्या. चौसष्टाव्या वर्षी मी जेवढं पाणी वाहिलं तेवढं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही वाहिलं नव्हतं. विहिरीचं पुरेना म्हणून गावातून डबे आले, सायकलींना कॅन लागले. दुपारी ऊन लागू नये म्हणून आम्ही लुगडी बांधून सावली केली. बाया काम करता करता इवायांची थट्टा करत, पण ती वेगळी थट्टा होती. गंगूबाई म्हणायची, "भाऊ, सांगा बरं, हे शिकलेलीसंगं आमची अडाणी नांदल का?" इवाई म्हणत, "नांदल. अडाणीच जास्त नांदते."

रविवारपर्यंत अंगण लांबून हिरवं दिसू लागलं. जवळून पाहिलं तर वाकळ होती. दहा ठिकाणची हरळी, दहा रंगांची, कुठं दाट, कुठं विरळ. शेठ आला, बरोबर पांढऱ्या टोपीतला पार्टनर. आम्ही सगळ्या धुतली लुगडी नेसून कुंपणाबाहेर रांगेत बसलो होतो. शेठनं विचारलं, "ह्या कोण?" इवाई म्हणाले, "स्टाफ." पार्टनरनं काठी घेतली, बॉल ठेवला, हळूच टोला दिला. बॉल निघाला, पहिल्या जोडावर उडाला, दुसऱ्या जोडावर वळला, पुन्हा उडाला आणि बेडकासारखा उड्या मारत आमच्याच बाजूला येऊन कुंपणाजवळ थांबला. एवढा मोठा माणूस उन्हात कशाला चालेल, म्हणून गंगूबाई उठली, चपला काढल्या, बॉल उचलला, नेऊन झेंड्याच्या भोकात टाकला आणि म्हणाली, "घ्या दादा, झालं तुमचं." पार्टनर पोट धरून हसला. चांगला माणूस होता. चहा घेतला, विहीणबाईंनी तळलेल्या कुरड्या खाल्ल्या, मागून घेतल्या, अशी कुरडई उभ्या जन्मात खाल्ली नाही म्हणाला. जाताना इवायांचा हात हातात घेऊन काहीतरी बोललाही. पण गोल्फबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पावसाळा सुरू झाल्यावर तिथं चुन्याच्या रेघा पडल्या. प्लॉट, फार्महाऊस वगैरे. इवायांना फाटकावर बसायला ठेवतो म्हणाले, ते नको म्हणाले आणि आपल्या वावरात परतले.

पोळ्याच्या सुमाराला मी गेले तेव्हा ते बांधावर खुरपी घेऊन बसले होते. कपाशी छान होती, पण विहीणबाईंची कुरकुर चालूच: "सारं निंदते, पन हरळीपाशी आला का याचा हात हलका पडते. मंग मीच जाते मागून." मी जवळ जाऊन बसले. महिने झाले होते, पण एक प्रश्न माझ्या मनातून जात नव्हता. व्याह्याला असलं काही विचारू नये, मान जातो दोघांचाही. पण मानाचं काय घेऊन बसलात, मी विचारलं. म्हटलं, "इवाई, खरं सांगा. माह्यामुळं गेलं का हो तुमचं अंगण?"

इवायांनी खुरपीची माती अंगठ्यानं पुसली. लांब चुन्याच्या रेघांकडे पाहिलं आणि म्हणाले,

"नाई हो इहीनबाई. तुमी नसतं मारलं तं उन्हानं मारलं असतं, नाई तं शेठनं. पन त्या चार दिवसांत मी पानी आनाले निघालो का रस्त्यानं जो भेटे तो इचारे, 'भाऊ, कसं आहे आता?' चक्कीवाला इचारे, गाडीचा कंडक्टर इचारे, ज्यानं कधी माह्या तोंडाकडं पाह्यलं नाई तोही इचारे. जसं माह्या घरचं कोनी दवाखान्यात होतं."